वजन उतरलं, कातडीचा झोळ राहिला: विमा कंपनी या ऑपरेशनचे पैसे देते का?

सहा महिन्यांपूर्वी ताईने मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "तुला एक दाखवायचंय, पण आईला सांगू नकोस."

ताई नाशिकला असते. तिचं वजन १२१ किलो होतं. मधुमेह, गुडघेदुखी, झोपेत अडकणारा श्वास, सगळं त्यासोबत आलेलं. तीन वर्षांपूर्वी तिचं बॅरियाट्रिक ऑपरेशन, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्षात ती ६९ किलोंवर आली. मधुमेहाच्या गोळ्या निम्म्या झाल्या. नातेवाइकांनी तोंड भरून कौतुक केलं. त्यांना जे दिसत नव्हतं ते तिने त्या दिवशी मला दाखवलं. बेंबीखालून मांडीवर उतरलेला रिकाम्या कातडीचा झोळ, आणि तो उचलल्यावर खाली लालभडक, ओलसर, एका ठिकाणी चिघळलेली त्वचा. त्या घडीत ती जुन्या सुती साडीचे तुकडे ठेवते आणि दिवसातून चार वेळा बदलते.

सर्जननी झोळ काढून टाकायचं ऑपरेशन सुचवलं होतं. हॉस्पिटलने विमा कंपनीकडे कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरण्याची, मागणी पाठवली. उत्तर आलं: कॉस्मेटिक, देय नाही. "मी काय सुंदर दिसायला चाललेय का गं?" एवढंच ती म्हणाली.

तिच्या या प्रश्नापायी मी पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायला बसले. प्रश्न तिच्या एकटीचा नाही. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. मोठ्या चाचण्यांत सव्वा ते दीड वर्षात सरासरी १५ ते २० टक्के वजन उतरलं, अशी ही औषधं आहेत. वजन किती उतरलं याची चर्चा रोज होते. उतरल्यानंतर शरीरावर जे लोंबत राहतं त्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि त्याचा खर्च कोण करणार याबद्दल तर जवळपास नाहीच.

कातडी परत आवळून का येत नाही?

परकराच्या नेफ्यात घातलेलं इलॅस्टिक आठवा. दोन-चार महिने ताणलं तर सोडल्यावर जागेवर येतं. दहा वर्षं ताणलेलं येत नाही, कारण आतले रबराचे धागेच तुटलेले असतात. त्वचेतही असे धागे असतात. कोलॅजेन तिला मजबुती देतं, इलॅस्टिन तिला परत आवळतं. वर्षानुवर्षं ताण पडला की हे धागे विरळ होतात, तुटतात. मग आतली चरबी गेली तरी पिशवी तेवढीच राहते. वय, बाळंतपणं, तंबाखू-सिगारेट, अनुवंश आणि मुळात वजन किती होतं, यावर झोळ किती राहणार ते ठरतं.

"व्यायाम केला असता तर आवळली असती," असं ताईला निदान दहा जणांनी ऐकवलं आहे. व्यायामाने स्नायू घट्ट होतात. स्नायू त्वचेच्या खाली असतात. तुटलेले धागे व्यायामाने जोडले जात नाहीत, तेलाने नाहीत आणि महागड्या क्रीमनेही नाहीत. थोडीफार सैल त्वचा वजन स्थिरावल्यावर वर्ष-दीड वर्षात काहीशी सावरते. मांडीपर्यंत आलेला झोळ सावरत नाही, तो कापूनच काढावा लागतो.

झोळाखाली नेमकं काय होतं?

पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे घडी करून कपाटात ठेवले तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. वास येतो, मग काळे ठिपके पडतात. त्वचेच्या घडीत तेच होतं. त्वचेवर त्वचा दाबून बसते, घाम वाळत नाही, चालताना घर्षण होतं, आणि त्या ओल्या उबेत बुरशी व जीवाणू वाढतात. पावसात भिजून काम करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात, तसाच हा प्रकार पोटाखाली, फक्त हातभर लांबीचा. डॉक्टर याला इंटरट्रायगो म्हणतात. आपण 'घडीतला चट्टा' म्हणू.

बहुतेक वेळा मलम आणि पावडरीने तो बसतो. प्रश्न असा की झोळ तिथेच असल्यामुळे तो पुन्हा येतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर हटकून. त्वचेला भेग पडली की जीवाणू आत शिरतात आणि त्वचेखालच्या थरात संसर्ग पसरू शकतो. त्याला सेल्युलायटिस म्हणतात. त्यात ताप येतो, कधी शिरेतून अँटिबायोटिक देण्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. मधुमेह असलेल्या माणसाला हा धोका जास्त, आणि मोठं वजन उतरवलेल्यांत मधुमेह असलेले पुष्कळ असतात. शिवाय चालणं, वाकणं, शौचानंतर स्वच्छता करणं, हे सगळं अवघड होतं. शेवटच्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, डॉक्टरांसमोरही नाही. ती कागदावर यायला हवी, का ते पुढे सांगते.

दिसायला सारखी, कागदावर वेगळी: दोन ऑपरेशनं

इथे दोन नावं लक्षात ठेवावीच लागतील.

पॅनिक्युलेक्टमी म्हणजे लोंबणारा झोळ, त्वचा आणि तिच्या आतली उरलेली चरबी कापून काढणं. बस्स. पोटाचे स्नायू आवळत नाहीत, कंबर घडवत नाहीत.

अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी म्हणजे जाहिरातींत ज्याला 'टमी टक' म्हणतात ते. यात जादा त्वचा काढतातच, शिवाय सैल पडलेले स्नायू टाके घालून आवळतात, बेंबी नव्या जागी बसवतात, पोट सपाट करतात.

सर्जनच्या दृष्टीने दोन्ही शेजारशेजारची कामं, आणि पुष्कळदा एकाच वेळी होणारी. विमा कंपनीच्या टेबलावर मात्र एक नाव आजारपणाच्या बाजूला पडू शकतं आणि दुसरं जवळपास नेहमी हौसेच्या. ताईच्या पहिल्या अर्जावर 'अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी' लिहिलं होतं. निदानाच्या रकान्यात 'वजन उतरल्यानंतरची त्वचेची शिथिलता'. चट्ट्याचा उल्लेख कुठेच नव्हता. तो अर्ज वाचून नकार देणाऱ्या माणसाला मी फार दोष देऊ शकत नाही.

दंडाची आणि मांडीची सैल त्वचा काढणं याला आपल्याकडे आणि बाहेरही बहुतेकदा कॉस्मेटिकच धरलं जातं. पुढचं सगळं पोटाच्या झोळाबद्दल आहे.

पॉलिसीतलं ०८ क्रमांकाचं कलम

प्रत्येक आरोग्य विम्यात काही गोष्टींना पैसे मिळणार नाहीत असं आधीच सांगितलेलं असतं. त्यांना वगळलेल्या बाबी, इंग्रजी पॉलिसीत एक्सक्लूजन, म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनी त्या आपापल्या शब्दांत लिहायची. २०१९ मध्ये विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, त्यांची शब्दरचना एकसारखी करायला लावली आणि त्यांना क्रमांक दिले. आठव्या क्रमांकावर आहे कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी.

लोक मथळा वाचतात आणि पॉलिसी मिटतात. कलम मथळ्यापाशी संपत नाही. त्याचा मराठीत मथितार्थ असा: रूप बदलण्यासाठीच्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना असेल, किंवा विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेच्या उपचाराचा तो भाग असेल, तर गोष्ट वेगळी. आणि ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी प्रमाणित केलेली हवी.

हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. तुम्हाला हॉलचा रंग आवडत नाही, तर सोसायटीच्या दुरुस्ती फंडातून भिंत रंगवून मिळत नाही. पण गच्चीतून पाणी झिरपून तीच भिंत ओली झाली, प्लास्टर पडायला लागलं, तर सोसायटीला हात घालावा लागतो. त्या कामात शेवटी भिंतीला रंगही लागतो. म्हणून ते काम रंगकाम ठरत नाही. तिथे भांडण भिंत कशी दिसते यावर होत नाही, गळती आहे की नाही यावर होतं, आणि गळती दाखवावी लागते.

ताईचा चट्टा ही गळती. झोळ निघाल्यावर पोट बरं दिसेल हे खरंच आहे, पण ते पाणी थांबवल्यावर दिलेल्या रंगासारखं.

आता कलमातला सर्वांत अडचणीचा शब्द: 'तातडीचा'. कंपनीचा डॉक्टर म्हणू शकतो की चट्टा वर्षभर आहे, मग तातडी कसली? मला स्वतःला हा शब्द रुग्णावर अन्याय करणारा वाटतो, कारण जो आजार पुन्हा पुन्हा येतो तो प्रत्येक वेळी पहिल्या दिवसापासूनच धोका असतो. पण माझ्या वाटण्याने क्लेम मंजूर होत नाही. उत्तर कागदात द्यावं लागतं: संसर्ग किती वेळा झाला, दर वेळी किती पसरला, साखर किती होती, अँटिबायोटिक किती वेळा घ्यावं लागलं, आणि झोळ राहिला तर पुढे काय होण्याची शक्यता आहे.

"बॅरियाट्रिकचे पैसे दिले होते, मग याचे का नाहीत?"

हा प्रश्न सगळ्यात स्वाभाविक. जे ऑपरेशन कंपनीने मान्य केलं त्याचाच हा परिणाम, मग अर्ध्या वाटेवर सोडायचं का?

पण कागदावर ही दोन वेगळी कलमं आहेत. बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया सहाव्या क्रमांकाच्या कलमात येते आणि तिच्या अटी आकड्यांत आहेत. वय १८ किंवा अधिक. बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजनाचं माप, ४० किंवा त्याहून जास्त. किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही, आणि साधे उपाय करून झालेले. आकडे जुळले की तिथे वादाला जागा कमी राहते. झोळाच्या ऑपरेशनला असा आकडाच नाही. सगळं एका डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर आणि दुसऱ्या डॉक्टरने ते मानण्यावर. त्यामुळे पहिला क्लेम मंजूर झाला म्हणून दुसरा आपोआप होत नाही. मात्र पहिल्या ऑपरेशनचे कागद फाईलला जोडावेत. वजन आजारपणामुळे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवलं, हे त्यातून दिसतं.

क्लेमची फाईल सर्जनकडे तयार होत नाही

हा या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. आपण ऑपरेशनची तारीख ठरली की कागद गोळा करायला लागतो. या बाबतीत तेव्हा उशीर झालेला असतो. फाईल तयार होते त्वचारोगतज्ज्ञांच्या ओपीडीत, सहा-आठ महिने आधीपासून.

ताईचंच बघा. दोन वर्षांत ती चट्ट्यासाठी कितीदा डॉक्टरकडे गेली असेल? दोनदा. बाकी वेळा मेडिकलवाल्याकडून मलम आणलं, शेजारणीने सांगितलेली पावडर लावली, साडीचे तुकडे ठेवले. त्रास रोजचा, कागद दोन. विमा कंपनीच्या लेखी तिला दोनदाच त्रास झाला. आपल्या बायकांची ही सवय, दुखणं अंगावर काढायची, इथे थेट पैशांत महाग पडते.

म्हणून चट्टा आला की दर वेळी डॉक्टरकडे जायचं आणि केसपेपरवर लिहून घ्यायचं: कुठे आहे, केवढा आहे, ओला आहे की चिघळलेला, कोणतं औषध किती दिवस दिलं. पुढच्या भेटीत, बसला की नाही आणि परत कधी आला. नुसतं मलमाचं नाव लिहिलेली चिठ्ठी उपयोगाची नाही, कारण तिच्यावर आजारच नसतो. डॉक्टरांना विनंती केली तर ते दोन ओळी जास्त लिहितात. ताईच्या डॉक्टरांनी कुरकुर न करता लिहिल्या. बुरशीसाठी त्वचा खरवडून केलेली तपासणी, पू असेल तर त्याचं कल्चर, म्हणजे कोणता जीवाणू आहे ते पाहणारी तपासणी, औषधांची बिलं, सगळं तारखेने लावायचं. संसर्गामुळे कधी दाखल व्हावं लागलं असेल तर ते डिस्चार्ज कार्ड सगळ्यांत वर.

फोटो काढायला संकोच वाटतो हे मी समजू शकते. ताईने पहिल्यांदा साफ नाही म्हटलं होतं. पण उभं राहून समोरून, बाजूने, आणि झोळ उचलून खालच्या त्वचेचा, असे तारखेसह फोटो नसतील तर टेबलापलीकडच्या माणसाला काहीच दिसत नाही. ते हॉस्पिटलमध्ये, परिचारिकेच्या उपस्थितीत काढून रुग्णाच्या नोंदीत ठेवून घेणं बरं. घरातल्या फोनवर फिरत राहण्यापेक्षा ते सुरक्षित.

वजन स्थिर असल्याच्या नोंदी हव्यात. बॅरियाट्रिक ऑपरेशननंतर साधारण वर्ष ते दीड वर्ष थांबायला आणि त्यानंतरचे काही महिने वजन एका जागी राहिलेलं पाहायला सर्जनच सांगतात. वजन अजून उतरत असताना झोळ काढला तर नवा झोळ येतो. हे वैद्यकीय कारण आहे, पण कंपनीही तेच विचारते. इंजेक्शनने वजन उतरवलेल्यांनाही हाच नियम लागू.

मधुमेह असेल तर फिजिशियनचं पत्र वेगळं घ्यावं. संसर्ग आणि साखर एकमेकांना कसे वाढवतात हे त्यांनी लिहिलं, की 'थेट धोका' या शब्दांना आधार मिळतो. आणि चालणं, वाकणं, स्वच्छता यांतली अडचण, वर ज्याबद्दल कुणी बोलत नाही म्हटलं ती, कुणातरी डॉक्टरच्या अक्षरात असायला हवी.

सर्जनचं पत्र शेवटी येतं. त्यात ऑपरेशनचं नेमकं नाव, निदान, कोणते उपचार किती काळ करून फसले, आणि झोळ न काढल्यास कोणता धोका आहे, एवढं स्पष्ट असावं. 'रुग्णाचा आत्मविश्वास वाढेल' हे वाक्य खरं असलं तरी त्या पत्रात नको. ते वाक्य दिसताच फाईल दुसऱ्या गठ्ठ्यात जाते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. फाईल जाड व्हावी म्हणून चट्टा वाढू देऊ नका, औषध टाळू नका. उपचार करूनही तो परत येतो, हाच तर पुरावा आहे.

जीएसटी आणि बिलावरची एक ओळ

दवाखान्याच्या उपचारांना सहसा जीएसटी लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला ही सूट नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली रचना पूर्ववत करण्यासाठी ती असेल तरच सूट मिळते. त्यामुळे हॉस्पिटल अंदाजपत्रकात या ऑपरेशनवर जीएसटी लावू शकतं. ती ओळ दिसली की कंपनीला म्हणायला जागा मिळते: तुमचं हॉस्पिटलच याला कॉस्मेटिक समजतंय. दाखल होण्याआधी बिलिंगच्या माणसाशी आणि सर्जनशी एकत्र बसून हे विचारून घ्या.

"हर्निया म्हणून घालून टाका ना!"

हा सल्ला ताईला वेटिंग रूममध्ये एका गृहस्थांनी दिला. चांगल्या मनाने दिला असेल, पण तो घातक आहे. हर्निया नसताना हर्निया लिहिणं ही फसवणूक आहे. सापडली तर हा क्लेम जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि पुढे खरोखर हृदयविकाराचा झटका आला तेव्हा हातात काही नसतं.

खराखुरा हर्निया असेल तर मात्र तो लपवू नये. जुन्या टाक्यांच्या जागी पोटाची भिंत फाटून होणारा हर्निया मोठ्या वजनाच्या लोकांत नवा नाही, आणि तो दुरुस्त करताना वरचा झोळ काढावाच लागतो असं सर्जनचं मत असेल तर त्यांनी तसं कारणासह लिहावं. तरीही कंपनी हर्नियाचा खर्च देऊन त्वचेचा भाग कापू शकते. म्हणून दोन्हींचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा मागून घ्यावा, म्हणजे पदरचे किती जाणार ते आधी कळतं.

"पाच वर्षं प्रीमियम भरला, आता काहीच नाकारता येत नाही"

हे अर्धसत्य आहे. २०२४ पासून नियम असा आहे: सलग ६० महिने पॉलिसी चालली की जुना आजार लपवला किंवा चुकीची माहिती दिली, या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. या मुदतीला मोरॅटोरियम म्हणतात. पण पॉलिसीत कायम वगळलेल्या गोष्टी पाच काय, पंचवीस वर्षांनीही वगळलेल्याच राहतात. ०८ क्रमांकाचं कलम त्यांपैकी आहे. नियम कंपनीचा हात जुन्या आजाराच्या बाबतीत बांधतो, इथे नाही.

नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीचं थोडं वेगळं. मालकाने जास्त प्रीमियम देऊन काही कलमं सैल करून घेतलेली असू शकतात. एचआरकडून माहितीपत्रक घेऊ नका, पॉलिसीची पूर्ण शब्दरचना मागा.

"दुसऱ्यांच्या प्रीमियममधून तुमच्या पोटाचा खर्च का?"

हा आक्षेप कडू वाटतो, पण त्याला उत्तर द्यायला हवं. विमा म्हणजे गावाने मिळून भरलेली भिशी. तिच्यातून हौसेला पैसे दिले तर आजाराला उरणार नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणूनच ०८ क्रमांकाचं कलम काढून टाका असं मी म्हणत नाही. सपाट पोटासाठी टमी टक हवं असेल त्याने स्वतःचे पैसे घालावेत.

पण दर दोन महिन्यांनी संसर्ग, दर वेळी अँटिबायोटिक, आणि एखाद्या वेळी सेल्युलायटिस होऊन चार दिवस दवाखाना, हा खर्चही त्याच भिशीतून जातो. दाखल झाल्याचे पैसे कंपनी देते. दाखल व्हायला लावणारी गोष्ट काढायचे देत नाही. आणि या माणसाने वजन उतरवून मधुमेहाचा, हृदयाचा, गुडघ्यांचा पुढचा खर्च याच भिशीचा वाचवला आहे. लठ्ठपणा ही निवड आणि वजन उतरवणं ही हौस, असं मानणारे आजही खूप आहेत. त्यांनी ताईच्या साडीचे तुकडे एकदा पाहावेत.

परदेशातल्या मराठी घरांसाठी थोडक्यात

अमेरिकेत हे भांडण जुनं आहे, त्यामुळे तिथे निकष बरेच ठरलेले आहेत. झोळ ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडाच्या (प्युबिक बोनच्या) पातळीखाली उतरलेला फोटोत दिसावा, तीन महिने उपचार करूनही चट्टा हटलेला नसावा, वजन सहा महिने स्थिर असावं, अशा धर्तीच्या अटी खासगी कंपन्यांच्या धोरणांत आढळतात. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत १ जुलै २०२० पासून हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात होणाऱ्या पॅनिक्युलेक्टमीला आधी मंजुरी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा हे ऑपरेशन सरसकट करत नाही. डॉक्टरांमार्फत वैयक्तिक निधीसाठी खास अर्ज करावा लागतो. आई-वडील भारतात आणि मुलं तिकडे असतील तर तिकडचे निकष इकडे बंधनकारक नाहीत, पण फाईल कशी लावावी याचा नमुना म्हणून ते चांगले आहेत.

नकार आला तर

आधी हे बघा: नुसतं कॅशलेस नाकारलंय, की क्लेमच नाकारलाय? कॅशलेस नाकारलं तरी स्वतः पैसे भरून नंतर प्रतिपूर्तीचा क्लेम करता येतो. पण ०८ क्रमांकाचं कारण आधीच पुढे आलेलं असेल, तर मोठी रक्कम भरण्याआधी लेखी वाद घालून घेतलेला बरा.

२०२४ च्या नियमांनुसार कंपनीतल्या क्लेम आढावा समितीच्या मान्यतेशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नकार पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा दाखला देऊन कळवावा लागतो. 'कॉस्मेटिक' एवढा एक शब्द पुरेसा नाही. कलमाचा कोणता भाग लावला, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र असताना तो का लावला, हे लेखी विचारा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र द्या. 'बीमा भरोसा' या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, फोन १५५२५५. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. फी नाही, वकील लागत नाही, आणि त्यांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तिथे जायला हवं. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे. त्याला दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मात्र तो लांबतो.

लोकपालांपुढे उभं राहिल्यावर विचारतात काय? गळती कुठे आहे. म्हणजे परत तीच फाईल.

ताईने ऑपरेशन पुढे ढकललं आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दुधाच्या हिशेबाच्या शेजारी लाल पेनाने फुली मारते, चट्टा आला त्या दिवशी. मेमध्ये अकरा फुल्या होत्या. त्वचारोगतज्ज्ञांकडे चार फेऱ्या झाल्या, पाचवी येत्या गुरुवारी. सर्जननी नवं पत्र लिहून द्यायचं कबूल केलं आहे. या वेळी त्यात अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी हा शब्द नसेल. आणि फोटो काढायला ती तयार झाली आहे, फक्त मी सोबत खोलीत थांबायचं, या अटीवर.